अमालेकला विसरू नका : स्मरणाची आज्ञा, भीमा-कोरेगाव आणि आपण

दरवर्षी डिसेंबर संपत आला की एक प्रश्न हमखास कानावर येतो. कधी तो वर्तमानपत्रातल्या लेखात असतो, कधी ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या तोंडी, तर कधी आपल्याच शिकल्या-सवरल्या नातेवाइकाच्या. "दोनशे वर्षे झाली. पेशवाई गेली, इंग्रजही गेले. ती जुनी दुखणी आता कशाला उगाळता?"

विचारणारा स्वतःला समंजस समजतो. पण त्याच माणसाच्या गावात दसऱ्याला रावण जळतो. बळीपाताळाची कथा त्याच्या मुलाला तोंडपाठ असते. हजारो वर्षांपूर्वीचे म्हणून सांगितले जाणारे शत्रू दरवर्षी नव्याने मारले जातात, तेव्हा "जुने कशाला उगाळता" असे कोणी म्हणत नाही. म्हणजे आक्षेप आठवण ठेवण्याला नाही. आठवण कोणी ठेवावी, याला आहे.

मित्रांनो, या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचे तर एका दूरच्या समाजाकडे पाहणे उपयोगी ठरते. आठवण ठेवणे हे ज्यांच्यात मर्जीवर सोडलेले नाही, ज्यांच्यात ती धर्माची आज्ञाच आहे, असा समाज म्हणजे यहुदी.

आज्ञा काय आहे?

यहुद्यांच्या तोरा या धर्मग्रंथातील अनुवाद या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी तीनच वचने आहेत. त्यांचा आशय असा : तुम्ही मिसर देशातून, गुलामगिरीतून बाहेर पडून चालत होता तेव्हा वाटेत अमालेकने तुमच्याशी काय केले ते आठवा. तुम्ही थकला होता, भागला होता. त्याने तुमच्या मागे राहिलेल्यांवर, दुबळ्यांवर घाला घातला. म्हणून तुम्हाला तुमच्या देशात स्वस्थता मिळेल तेव्हा अमालेकचे नाव आकाशाखालून पुसून टाका. आणि हे विसरू नका.

या आज्ञेला हिब्रूत 'झाखोर' म्हणजे 'आठव' असे म्हणतात. पुरीम सणाच्या आधीच्या शनिवारी ही वचने सभास्थानात मुद्दाम वाचली जातात, आणि त्या शनिवारालाच 'शब्बात झाखोर' असे नाव आहे. पुरीमच्या दिवशी एस्तेरचा ग्रंथ वाचतात. त्यात हामान नावाचा इराणच्या राजदरबारातला अधिकारी सगळ्या यहुद्यांना मारण्याचा हुकूम काढतो. परंपरेने तो अमालेकच्याच राजवंशातला मानला जातो. वाचनात हामानचे नाव आले की लहान मुले खुळखुळे वाजवतात, मोठी माणसे पाय आपटतात, इतका गलबला करतात की नाव ऐकूच येऊ नये.

यातला पेच लक्षात घ्या. नाव पुसायचे आहे, पण नाव पुसायचे आहे हे विसरायचे नाही. आठवणही ठेवायची आणि आठवण मिटवायचीही. वरवर हा विरोधाभास आहे. पण गुलामगिरी भोगलेल्या प्रत्येक समाजापुढे नेमका हाच पेच असतो. अत्याचार विसरला तर तो नव्या वेशात परत येतो. नुसता आठवत बसले तर माणूस त्या अत्याचाराचाच कैदी होतो.

आणखी एक गोष्ट पाहा. यहुद्यांना पिढ्यान्‌पिढ्या गुलाम ठेवले मिसरने. तरीही त्याच पुस्तकात, दोनच अध्याय आधी, मिसरी माणसाचा तिटकारा करू नका, कारण तुम्ही त्याच्या देशात उपरे म्हणून राहिला होता, असे सांगितले आहे. मग अमालेकचा अपराध मिसरपेक्षा मोठा का? कारण त्याने पाठीमागून, सर्वांत थकलेल्यावर, सर्वांत मागे राहिलेल्यावर वार केला. ही खूण लक्षात ठेवा. पुढे ती लागणार आहे.

रांजणगावच्या रस्त्यावर दोन स्मरणे

आता आपल्या मुलखात येऊ. शिरूर म्हणजे घोडनदी सोडून पुण्याच्या दिशेने निघाले की कारेगाव लागते, मग रांजणगाव, कोंढापुरी, शिक्रापूर, सणसवाडी आणि कोरेगाव भीमा. नदीचा पूल ओलांडला की पेरणे फाटा. तासाभराचाही रस्ता नाही. पण या एका रस्त्यावर शत्रूच्या स्मरणाच्या दोन वेगवेगळ्या परंपरा उभ्या आहेत.

पहिली रांजणगावात. इथला महागणपती अष्टविनायकांपैकी एक. स्थळाची कथा त्रिपुरासुराची आहे. सोने, रूपे आणि लोखंड यांची तीन पुरे असलेला हा असुर शंकराला आवरेना. शंकराने आधी गणपतीला वंदन केले नव्हते म्हणून. मग वंदन केले आणि एका बाणात तिन्ही पुरे जाळली. कार्तिकातल्या पौर्णिमेला आपण त्रिपुरारी पौर्णिमा म्हणतो आणि दिवे लावतो, त्याच्या मुळाशी हीच कथा आहे. म्हणजे रांजणगाव हे एका प्राचीन शत्रूच्या पराभवाचे स्मारक आहे. त्या शत्रूची बाजू मात्र कथेत कुठेच नाही. ती तीन पुरे कोणी वसवली होती? त्यांत कोण राहत होते? जळाले त्यांची नावे काय? स्मरण विजेत्यांच्या हाती असले की हरलेला फक्त असुर म्हणून उरतो.

हा प्रश्न महाराष्ट्रात पहिल्यांदा ठणकावून विचारला तो जोतीराव फुल्यांनी. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी वामन-बळीची कथा उलट्या बाजूने वाचली. बळीराजाला पाताळात घालणाऱ्यांनी कथा लिहिली खरी, पण शेतकऱ्याच्या घरातल्या बायांनी ती मानली नाही. इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो, असे म्हणून त्या ओवाळत राहिल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाया आपली झाखोरची आज्ञा पाळत होत्या, आणि ती कोणत्या ग्रंथात लिहिलेली नव्हती. जोतीरावांचे मोठेपण असे की त्यांनी हे पुस्तक अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. स्वतःच्या जखमेची आठवण त्यांनी दुसऱ्याच्या जखमेशी जोडली.

दुसरे स्मरण पेरण्याच्या माळावर उभे आहे. आपला विजयस्तंभ.

१ जानेवारी १८१८ : जे घडले ते

स्तंभाबद्दल आपण बोलतो खूप, पण बरेच जण व्हॉट्सअपवर आलेले आकडे पुढे ढकलतात. ते थांबवले पाहिजे. खोट्या आकड्याने आपलेच सत्य कमजोर होते. एक आकडा चुकीचा ठरला की विरोधक सगळी लढाईच दंतकथा ठरवायला मोकळा होतो. म्हणून नोंदीत आहे ते पाहू.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाला. त्याच्याबरोबर मुंबई देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे ५०० शिपाई, तीनशेच्या आसपास घोडेस्वार, दोन तोफा आणि त्या चालवणारे मद्रासचे चोवीस गोलंदाज होते. एकूण सुमारे ८३४ माणसे. रात्रभर चालून ती सकाळी कोरेगावला पोहोचली, तेव्हा समोर दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य दिसले. ते २८ हजारांच्या घरातले होते असा अंदाज इंग्रज इतिहासकारांनी दिला आहे. पण गावात शिरून प्रत्यक्ष लढले ते त्यातले सुमारे दोन हजार. त्यांत अरब होते, गोसावी होते, मराठेही होते. दिवसभर अन्न-पाण्याविना झुंज झाली. रात्री पेशव्यांच्या सैन्याने माघार घेतली. कंपनीची २७५ माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. पेशव्यांच्या बाजूची हानी पाचशे-सहाशेची सांगतात.

सगळी पलटण महारांची नव्हती. स्तंभावर मेलेल्या ४९ जणांची नावे आहेत. त्यांपैकी २२ नावे 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महारांची. उरलेल्यांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत. तरीही सर्वांत मोठा वाटा आपल्या पूर्वजांचा आहे, आणि तो कोणी कल्पून लिहिलेला नाही, दगडात कोरलेला आहे. एवढे पुरेसे आहे. यात भर घालायची गरज नाही.

विरोधक इथे दुसरा आक्षेप काढतात. "महार तर इंग्रजांसाठी लढले, आणि ते पेशव्यांच्या सैन्यातही होते." बरोबर आहे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिदनाक महार पेशव्यांच्या बाजूने लढला. पण या सत्याने पेशवाईची अब्रू वाचत नाही, उलट जाते. जो समाज तुमच्यासाठी जीव द्यायला तयार होता, त्याच्या गळ्यात तुम्ही मडके बांधले आणि कमरेला झाडू लावला. पेशवाईतल्या या अवस्थेची नोंद बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये केली आहे.

पण बाबासाहेबांच्याही आधी एका शाळकरी मुलीने ही साक्ष लिहून ठेवली. मुक्ता साळवे ही सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली मातंग समाजाची विद्यार्थिनी. तिचा 'मांग-महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यावरून गेला तर त्याचे मुंडके कापून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचा दांडू आणि मुंडक्याचा चेंडू करून खेळत, असे ती लिहिते. वाड्यांच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरत, हेही ती लिहिते. पेशवाई बुडून तेव्हा सदतीस वर्षे झाली होती. म्हणजे ती मुलगी आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेले सांगत होती. तिने ते लिहिले नसते तर आज आपल्याकडे काय उरले असते? त्या काळच्या दरबारी कागदपत्रांत आपले दुःख कुठल्या रकान्यात सापडणार होते?

झाखोर म्हणतात ते हे. वाटेत आपल्याशी काय केले गेले, त्याची साक्ष.

स्तंभ इंग्रजांचा, स्मरण आपले

स्तंभ बांधला कंपनीने, स्वतःच्या फौजेच्या गौरवासाठी. २६ मार्च १८२१ ला त्याची पायाभरणी झाली. तो आपल्यासाठी बांधलेला नव्हता, आणि हे मान्य करायला आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. कारण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे : ज्यांनी स्तंभ बांधला तेच पुढे विसरले. १८९० नंतरच्या वर्षांत इंग्रज सरकारने 'लढवय्या जातीं'चा सिद्धांत पुढे केला आणि महारांची सैन्यभरती बंद केली. दगडावर बावीस नावे तशीच होती, पण त्या नावांच्या नातवंडांना छावणीचे दार बंद झाले.

तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी भरतीसाठी विनंतीअर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी सभा घेतल्या, सरकारकडे निवेदने पाठवली आणि कोरेगावच्या स्तंभाचा दाखला दिला. म्हणजे आपल्या लोकांच्या हातात स्मरण हा हक्काचा दस्तऐवज होता. तुम्हीच दगडात कोरले आहे, आता नाही कसे म्हणता? याच परंपरेत १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावला आले. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या बोधचिन्हात हाच स्तंभ होता. भरती बंद झाल्यापासून रेजिमेंट उभी राहीपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे गेली. इतकी वर्षे एक दगड आपल्या बाजूने साक्ष देत उभा राहिला, कारण त्याला साक्षीला बोलावणारी माणसे होती.

आज्ञेचा दुरुपयोग

पण इथेच सावध व्हायला हवे. अमालेकची आज्ञा दुधारी आहे. बायबलातच तिचे भयंकर रूप आहे. शमुवेल संदेष्टा शौल राजाला अमालेकी लोकांचा समूळ संहार करायला सांगतो, बायका-मुलांसकट, आणि शौल अगाग राजाला जिवंत ठेवतो म्हणून त्याचे राज्य जाते. ही कथा अक्षरशः घेतली तर प्रत्येक पिढी आपापला अमालेक शोधून त्याच्या लेकरांवर तलवार उगारू शकते.

यहुदी पंडितांना हा धोका फार पूर्वी कळला होता. त्यांनी म्हटले, असीरियाच्या सन्हेरीब राजाने साऱ्या राष्ट्रांची सरमिसळ करून टाकली. आता अमुक माणूस त्या जुन्या राष्ट्राचा, असे कोणालाच सांगता येणार नाही. हा निर्णय मूळचा अम्मोनी लोकांविषयीचा, पण पुढे अनेकांनी तो अमालेकलाही लावला. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसने तर अमालेकलाही आधी तहाचा प्रस्ताव द्यावा असे लिहिले. तालमूदमध्ये अशीही नोंद आहे की खुद्द हामानच्या वंशातल्या लोकांनी पुढे बने ब्राक गावी धर्मशास्त्र शिकवले. काही संतपरंपरांनी आणखी पुढे जाऊन सांगितले की अमालेक म्हणजे माणसाच्या आतली शंका, आतला दुष्टपणा, त्याच्याशी लढा.

एवढे असूनही काय झाले? २५ फेब्रुवारी १९९४, पुरीमचा दिवस. हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना बारूख गोल्डस्टाइन नावाच्या ज्यू डॉक्टरने गोळ्या घातल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझावर जमिनी हल्ला सुरू होताना इस्रायलच्या पंतप्रधानांनी अमालेकची आठवण करून दिली. दक्षिण आफ्रिकेने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केलेल्या खटल्यात ते वाक्य नोंदवले गेले. पंतप्रधानांच्या कार्यालयाने तसा अर्थ नाकारला. पण ज्यांच्या डोक्यावर बाँब पडत होते त्यांच्यासाठी हा भाषेचा वाद नव्हता. आणि त्यांत सर्वांत थकलेले, सर्वांत मागे राहिलेले कोण होते, हे ज्याने त्याने पाहावे. अमालेकची खूण नावात नसते, कृतीत असते. जो थकलेल्यावर घाला घालतो तो अमालेक, मग त्याच्या घरात कोणताही ग्रंथ वाचला जात असो.

बाबासाहेबांनी काय पुसले?

१९४१ मध्ये बाबासाहेबांनी मोझेसवर इंग्रजीत एक लेख लिहिला. आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढणारा हा नेता त्यांना जवळचा वाटत होता, आणि मिसरमधून बाहेर पडण्याच्या कथेतून त्यांनी आपल्या समाजासाठी आशा घेतली. पण अमालेकच्या पेचाला त्यांनी त्याच्या चौदा वर्षे आधीच, कृतीतून उत्तर दिले होते.

१९२७ हे वर्ष सलग वाचा. १ जानेवारीला कोरेगाव : आठवण. २० मार्चला महाडचे चवदार तळे : हक्क. २५ डिसेंबरला पुन्हा महाड, मनुस्मृतीचे दहन : पुसणे. आठव, उठ आणि पूस, असा तो क्रम आहे. आणि पुसले काय? ग्रंथ. एकाही माणसाला बोट लावले नाही. दहनाचा ठराव मांडला तो बापूसाहेब सहस्रबुद्ध्यांनी, आणि ते जन्माने ब्राह्मण होते. वर्षाच्या सुरुवातीला पेशवाईवरच्या विजयाला वंदन करणाऱ्या नेत्याने वर्षाच्या शेवटी ब्राह्मण सहकाऱ्याच्या ठरावाने मनुस्मृती जाळली. यात विसंगती वाटत असेल तर आपल्याला स्मरण म्हणजे काय ते अजून कळलेले नाही.

१९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी हे सूत्र स्पष्ट शब्दांत मांडले. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मण्य आणि भांडवलशाही. आणि ब्राह्मण्य म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, स्वातंत्र्य-समता-बंधुता यांचा नकार. हा नकार सगळ्या जातींत शिरलेला आहे, असे ते म्हणाले. यहुदी पंडित ज्या निष्कर्षापर्यंत शतकांच्या चर्चेनंतर आले, तो बाबासाहेबांनी कामगारांच्या मेळाव्यात सोप्या भाषेत सांगितला : शत्रू रक्तात शोधू नका, व्यवस्थेत शोधा.

मराठी बोलणारे यहुदी आणि त्यांची गोरी-काळी

या विषयाचा सर्वांत कडू धडा आपल्याच मराठी मुलखात आहे. कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळ नवगावला आपले पूर्वज गलबत फुटून लागले असे सांगणारे बेने इस्राएल शतकानुशतके तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. त्यांची भाषा मराठी, आडनावे दिवेकर, केहिमकर अशी गावावरून पडलेली. मुंबईच्या देशी पलटणींत महारांसारखेच तेही शिपाई आणि सुभेदार होते. मिसरमधून सुटकेच्या सणाला वाचायचा त्यांचा हग्गादा ग्रंथ मराठी अर्थासह १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला. प्रत्येक पिढीने आपण स्वतःच गुलामीतून सुटलो असे समजावे, ही शिकवण पुण्यात मराठीतून वाचली जात होती.

पण याच समाजात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन गट होते. शुद्ध रक्ताचे म्हणवणारे गोरे, मिश्र विवाहातून आलेले म्हणून काळे. रोटी-बेटी नाही, भांडीही वेगळी. भारताच्या जातीने गुलामगिरीची आठवण जपणाऱ्या समाजालाही गिळले. मग मुंबईत बगदादी यहुदी आले, त्यांनी सगळ्याच बेने इस्राएलांना कमी लेखले. आणि १९४८ नंतर हे मराठी यहुदी आपल्या 'वचनदत्त भूमी'त, इस्रायलमध्ये गेले, तेव्हा तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांवर शंका घेतली. त्यांना आंदोलन करावे लागले. १९६४ मध्ये कुठे ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे मान्य झाले.

वर्षातून एकदा अमालेकविरुद्ध पाय आपटणाऱ्यांनी आपल्याच मागे राहिलेल्या भावंडांना दारात अडवले होते. मित्रांनो, हे वाचून दुसऱ्याकडे बोट दाखवू नका. आपल्या लग्नाच्या जाहिरातींत पोटजात लिहिली जाते की नाही? मांग-महार-चांभार-ढोर-मेहतर यांच्यात बेटीव्यवहार किती होतात? धम्मदीक्षेनंतर सत्तर वर्षे होत आली, तरी मुलीने दुसऱ्या अनुसूचित जातीतला मुलगा आणला तर किती घरांत शांतता राहते? जयंतीच्या वर्गणीची यादी करताना वस्तीतल्या मेहतर कुटुंबाचे घर आठवते का? मुक्ता साळवेने मांग आणि महार ही दोन्ही नावे एकाच वाक्यात, एकाच दुःखात लिहिली. तिची आठवण ठेवणारे आपण ती वाक्ये तोडतो.

मग आज आठवायचे काय?

१ जानेवारी २०१८ ला, लढाईला दोनशे वर्षे होत असताना, याच रस्त्यावर सणसवाडी, कोरेगाव भीमा परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली. त्यात एका तरुणाचा जीव गेला. त्याआधी वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ यांच्या समाधीच्या फलकावरून वाद पेटवला गेला होता. छत्रपती संभाजी महाराजांच्या अंत्यविधीत एका महाराचा वाटा होता, हे लिहिलेला एक फलक. म्हणजे भांडण स्मरणाचेच होते. आणि घाला कोणावर पडला? मुलाबाळांसह, पिशवीत भाकरी बांधून, एसटीने, टेम्पोने, चालत आलेल्यांवर. वाटेतल्या थकलेल्यांवर. अमालेकची खूण तंतोतंत.

ही खूण हातात घेतली की शत्रू शोधायला इतिहासात जावे लागत नाही. मैला हाताने उचलण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, तरी गटारात गुदमरून मरणाऱ्यांच्या बातम्या थांबत नाहीत, आणि मरणारा कोणत्या वस्तीतला असतो ते आपल्याला ठाऊक आहे. रांजणगावच्या एमआयडीसीत ठेकेदारीवर राबणारा, मराठवाड्यातून-विदर्भातून आलेला पोरगा मिरवणुकीच्या अगदी शेवटी चालतो आहे. खैरलांजीची २९ सप्टेंबर २००६ आणि रमाबाई नगरची ११ जुलै १९९७ या तारखा आपल्या किती मुलांना सांगता येतात?

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. स्तंभाला वंदन करायला जरूर जा, पण तिथली ४९ नावे वाचून या, बिगर-महार नावांसह. खोटे आकडे पसरवू नका, कोणी पसरवले तर आपल्यातलाच असला तरी थांबवा. मुक्ता साळवेचा निबंध वस्तीतल्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. आपल्या आजीला बसवून तिने पाहिलेले पाणवठे, बलुते, वेठ, तिला ऐकावे लागलेले शब्द वहीत तारीख घालून उतरवून ठेवा, कारण ती गेली की तो दस्तऐवजही जाईल. आणि वस्तीत सर्वांत मागे कोण राहिले आहे ते दर महिन्याला पाहा. तो आपल्या जातीचा नसला तरीही.

अमालेकचे नाव आकाशाखालून पुसले जाईल ते त्याच्या वंशजांच्या घरावर दगड मारून नाही. ज्या दिवशी मिरवणुकीच्या शेवटी चालणाऱ्या माणसावर घाला घालणे कोणालाही शक्य होणार नाही, त्या दिवशी ते पुसले जाईल. तोपर्यंत आठवण ठेवणे भाग आहे. ही आपल्यावरची आज्ञा आहे आणि ती कोणत्याही आकाशवाणीने आलेली नाही. बावीस 'नाक' नावांनी ती दगडात कोरून ठेवली, मुक्ताने शाईने लिहिली आणि बाबासाहेबांनी १९२७ साली ती कशी पाळायची ते दाखवून दिले.

जय भीम!